शेवटची ओव्हर: किती नशीब, किती कसब?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी मजकूर ऐकवला तसाच आहे.)

कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावून बसला असाल आणि बस चाकणच्या तळेगाव चौकात अडकली असेल, तर आजचा भाग तिथल्या तिथे ऐकून संपेल. आज क्रिकेटवर बोलायचंय. शेवटच्या ओव्हरवर. आणि त्या बिचाऱ्यावर, ज्याच्या हातात कॅप्टन तो बॉल देतो.

सुरुवात आपल्याच टीमपासून करू. आपली म्हणजे रायझिंग पुणे सुपरजायंट. दोनच सीझन खेळली, घरचं मैदान गहुंजे. आज त्या टीमची जर्सी घालून कुणी फिरलं तर पोरं हसतील, पण २०१७ मध्ये आपण फायनलला होतो, हे विसरू नका. आणि फायनलपर्यंत नेण्यात मोठा हात होता जयदेव उनाडकटचा. डावखुरा, फार वेगवान नाही, स्लोअर बॉल आणि कटरवर चालणारा. लिलावात ३० लाखांना, बेस प्राइसला, घेतलेला माणूस. त्याने त्या सीझनला १२ मॅचमध्ये २४ विकेट काढल्या. त्याच्यापुढे फक्त भुवनेश्वर कुमार होता, २६ विकेट घेऊन.

त्यातली एक मॅच आठवा. ६ मे २०१७, हैदराबाद. सनरायझर्सला शेवटच्या ओव्हरला १३ हवे होते. उनाडकटने त्या ओव्हरमध्ये हॅटट्रिक घेतली आणि एकही रन दिला नाही. विसाव्या ओव्हरला मेडन! आपण १२ रनांनी जिंकलो.

पुढे काय झालं? पुणे टीम बंद झाली, जानेवारी २०१८ मध्ये मोठा लिलाव झाला, आणि राजस्थान रॉयल्सने त्याला साडेअकरा कोटींना घेतलं. त्या लिलावातला सगळ्यात महागडा भारतीय खेळाडू. ३० लाखांचे साडेअकरा कोटी. आणि २०१८ च्या सीझनला १५ मॅचमध्ये ११ विकेट, ओव्हरमागे साडेनऊच्या वर रन. राजस्थानने त्याला सोडलं आणि पुढच्या लिलावात पुन्हा त्यांनीच ८ कोटी ४० लाखांना घेतलं. २०१९ मध्ये १० विकेट, ओव्हरमागे दहाच्या वर रन. पुन्हा सोडलं, पुन्हा घेतलं, या वेळी ३ कोटींना.

तेव्हा सोशल मीडियावर काय चाललं होतं ते तुम्हाला आठवत असेल. पैसा डोक्यात गेला. दबाव झेपला नाही. बॅट्समननी त्याला ओळखलं. प्रत्येकाकडे कारण तयार. मला यातलं तिसरं कारण थोडंफार पटतं, पहिली दोन अजिबात नाहीत. कारण त्याच काळात, २०१९-२० च्या रणजी सीझनमध्ये याच माणसाने ६७ विकेट घेतल्या, सौराष्ट्राला कॅप्टन म्हणून ट्रॉफी मिळवून दिली. एका रणजी सीझनमध्ये कुठल्याच फास्ट बॉलरने तोवर इतक्या विकेट घेतल्या नव्हत्या. डिसेंबर २०२२ मध्ये तो पुन्हा कसोटी खेळला, पहिल्या कसोटीनंतर तब्बल १२ वर्षांनी. दबाव न झेपणारा माणूस हे करत नाही.

मग साडेअकरा कोटी कशाचे होते? माझं म्हणणं असं की त्यात उनाडकटचं कसब होतं आणि २०१७ चं नशीबही होतं. लिलावात दोन्हीची किंमत एकाच टॅगवर लागली. नशीब पुण्यातच राहिलं, कसब तेवढं जयपूरला गेलं.

आता कुणी म्हणेल, नशीब नशीब काय म्हणतोस, मोजून दाखव. दाखवतो. त्यासाठी कोडची गरज नाही, वहीचं एक पान फाडा. त्याच्या २० चिठ्ठ्या करा. ७ चिठ्ठ्यांवर शून्य लिहा. ७ वर एक. एका चिठ्ठीवर दोन. तिघींवर चौकार. दोघींवर षटकार. हा झाला आपला डेथ बॉलर. नाव काहीही ठेवा. डब्यात घाला, हलवा, एक काढा, आकडा लिहा, चिठ्ठी परत डब्यात. सहा वेळा केलं की एक ओव्हर. वाइड-नोबॉल सोडून दिलेत, विकेटही सोडून दिलीये, हिशोब सोपा राहावा म्हणून.

सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज ३३. म्हणजे एका बॉलला सरासरी १.६५, एका ओव्हरला साधारण १०. शेवटच्या ओव्हरांमध्ये १० म्हणजे वाईट नाही, वाहवा करण्यासारखंही नाही. मधला माणूस.

या मधल्या माणसाच्या ओव्हरी सलग टाकत जा. एक ओव्हर ४ ची जाईल, पुढची १७ ची. डबा तोच, चिठ्ठ्या त्याच, हात तोच. गणित केलं तर एका ओव्हरचा हेलकावा, ज्याला आपण इंजिनियरिंगला स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणून पाठ केलं होतं, तो जवळजवळ ५ येतो. सरासरी १० आणि हेलकावा ५. म्हणजे ५ ची ओव्हर आणि १५ ची ओव्हर या दोन्ही या माणसासाठी रोजच्या गोष्टी आहेत.

बरं, एक ओव्हर सोडा, अख्खा सीझन घेऊ. १४ मॅच, दर मॅचला शेवटी २ ओव्हर, म्हणजे २८ ओव्हर. इतक्या ओव्हरींनंतर तरी खरं काय ते कळायला हवं ना? २८ ओव्हरींच्या सरासरीचा हेलकावा सुमारे ०.९ येतो. म्हणजे आपला १० वाला माणूस एका सीझनला सव्वाआठ दाखवू शकतो आणि पुढच्या सीझनला साडेअकरा. काहीही न बदलता. खांदा तोच, मनगट तेच, रात्रीची झोप तीच.

आणि असे अगदी सारखे दहा डबे घेतले, दहा टीमना वाटले, सीझनच्या शेवटी टेबल बनवलं, तर पहिल्या आणि शेवटच्या डब्यात साधारण पावणेतीन रनांचं अंतर पडतं. वरचा साडेआठ, खालचा सव्वाअकराच्या पुढे. टीव्हीवर वरच्याला ‘डेथ स्पेशालिस्ट’ म्हणतील. खालच्याची मुलाखतसुद्धा होणार नाही. दोन्ही डब्यांत तेच वीस कागद.

माझ्या दृष्टीने या सगळ्यातला सगळ्यात अस्वस्थ करणारा आकडा वेगळाच आहे. शेवटच्या ओव्हरला १२ वाचवायचे असतील, तर हा चिठ्ठीवाला बॉलर ढोबळमानाने तीनातून दोनदा वाचवतो. सलग तीन मॅच वाचवण्याची शक्यता चारात एक. म्हणजे असे बारा बॉलर असतील तर त्यातले तिघं सलग तीन मॅच वाचवून हिरो होतील. त्यांच्यावर रील बनतील, मागे ढोल-ताशा लावून. ‘बर्फासारखं डोकं’ वगैरे कॅप्शन येईल. कागदाच्या चिठ्ठीला डोकं नसतं हो.

गहुंजेला हे आपल्या डोळ्यांसमोर झालंय. ६ एप्रिल २०२२, मुंबई विरुद्ध कोलकाता. मुंबईने १६१ केले होते. पंधरा ओव्हर संपल्या तेव्हा कोलकात्याला ३० बॉलमध्ये ३५ हवे होते. सोळावी ओव्हर टाकली डॅनियल सॅम्सने. समोर पॅट कमिन्स. त्या एका ओव्हरमध्ये ३५ रन गेले. चार षटकार, दोन चौकार, एक नोबॉल. मॅच तिथेच संपली. कमिन्सची फिफ्टी १४ बॉलमध्ये, तेव्हाच्या आयपीएल विक्रमाची बरोबरी. एक्स्प्रेस-वेवरून घरी जाणाऱ्या मुंबईच्या लोकांनी सॅम्सला काय काय म्हटलं असेल ते सांगत नाही, हा भाग घरच्यांसोबत ऐकणारेही आहेत.

बरोबर तीस दिवसांनी, ६ मे २०२२, ब्रेबॉर्न स्टेडियम. मुंबई विरुद्ध गुजरात. गुजरातला शेवटच्या ओव्हरला फक्त ९ हवे होते. क्रीजवर डेव्हिड मिलर आणि राहुल तेवतिया. म्हणजे त्या वर्षी ९ रन ज्यांच्यासाठी नाश्ता होता, अशी जोडी. बॉल कुणाकडे? सॅम्सकडे. ३ रन दिले. तेवतिया रनआऊट. मुंबई ५ रनांनी जिंकली.

आता मला सांगा, ६ एप्रिलचा सॅम्स खरा की ६ मेचा? महिन्याभरात माणूस ३५ वरून ३ वर येईल असं कुठलं कोचिंग जगात आहे? असेल तर मला त्या कोचचा नंबर पाठवा, माझा पण अप्रेझल जवळ आलाय. यश दयालचं नाव तुमच्या ओठांवर आलंच असेल. तेच उदाहरण आणखी मोठं करून. एप्रिल २०२३ मध्ये रिंकू सिंगने त्याला शेवटच्या पाच बॉलला पाच षटकार मारले, चार ओव्हरमध्ये ६९ गेले. मे २०२४ मध्ये बंगळुरूला प्लेऑफमध्ये न्यायला त्याच दयालने चेन्नईसमोर शेवटची ओव्हर टाकली. चेन्नईला पात्र व्हायला १७ हवे होते. पहिल्या बॉलला धोनीचा षटकार, दुसऱ्याला धोनी आऊट, ओव्हर ७ ची.

पण या दोघांकडे एक गोष्ट होती जी सगळ्यांकडे नसते. त्यांना दुसऱ्यांदा बॉल मिळाला. त्यावर येतोच, आधी आपल्या सांगवीच्या पोराकडे जाऊ.

ऋतुराज गायकवाड. जुनी सांगवी, थेरगावची वेंगसरकर अकादमी. २८ नोव्हेंबर २०२२, अहमदाबाद, विजय हजारे ट्रॉफीची क्वार्टर फायनल, महाराष्ट्र विरुद्ध उत्तर प्रदेश. ४९ वी ओव्हर. एका ओव्हरमध्ये सात षटकार, नोबॉल धरून ४३ रन. ऋतुराज नाबाद २२०. पिंपरी-चिंचवडमध्ये त्या दिवशी कुणाच्या स्टेटसला ती क्लिप नव्हती असा माणूस सापडला नसता.

त्या क्लिपमध्ये बॉलर आहे शिवा सिंग. डावखुरा स्पिनर, २०१८ मध्ये अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकलेल्या भारतीय टीममधला. स्कोअरकार्डवर त्याच्यापुढे काय लिहिलंय? ९ ओव्हर, ८८ रन, विकेट शून्य. हे वाचून वाटेल की दिवसभर कुटला गेला. आता ती एक ओव्हर बाजूला काढा. ८८ वजा ४३, उरले ४५. आठ ओव्हरमध्ये ४५. ओव्हरमागे साडेपाचच्या जरा वर. महाराष्ट्राने एकूण ३३० केले होते, म्हणजे बाकीच्या बॉलरांच्या ४१ ओव्हरमध्ये २४२, ओव्हरमागे ५.९. ४८ व्या ओव्हरपर्यंत शिवा सिंग बाकीच्यांपेक्षा थोडा बराच टाकत होता! मग १४७ बॉल खेळून सेट झालेल्या, दीडशेच्या पुढे गेलेल्या उजव्या हाताच्या बॅट्समनसमोर ४९ व्या ओव्हरला डावखुऱ्या स्पिनरला आणलं गेलं. हा निर्णय त्याने स्वतः घेतला होता का? क्लिपमध्ये कॅप्टन दिसत नाही, बॉलर दिसतो.

म्हणून मला ऋतुराजचं कौतुक करताना एक गोष्ट वेगळी ठेवावीशी वाटते. सात बॉलना सात वेळा बॉल मैदानाबाहेर पाठवणं हे प्रचंड कसब आहे, त्यात वाद नाही. पण त्याच ओव्हरवरून शिवा सिंग किती वाईट बॉलर आहे हे ठरत नाही. एकाच घटनेतून दोन माणसांना दोन शिक्के मारायची आपल्याला सवय आहे. एक शिक्का बरोबर असला म्हणून दुसरा बरोबर असायलाच हवा असं नाही.

हा प्रश्न अमेरिकेत बेसबॉलवाल्यांना फार आधी पडला. त्यांच्याकडे ‘रिलिफ पिचर’ असतो. मुख्य पिचर दमला की शेवटी येऊन मॅच सांभाळणारा, आपल्या डेथ बॉलरचा चुलतभाऊ. मुख्य पिचर सीझनला दीडशे-पावणेदोनशे इनिंग टाकतो, हा बिचारा साठ-सत्तर. त्यांची एक इनिंग म्हणजे फक्त तीन आऊट, हे लक्षात घ्या. तेवढ्यावर त्याचं करिअर ठरतं. २००१ मध्ये व्होरोस मॅक्रॅकन नावाच्या एका माणसाने, जो तेव्हा कुठल्या टीमच्या नोकरीत नव्हता, एक साधी गोष्ट मांडली आणि सगळ्यांना चक्रावून टाकलं. तो म्हणाला, बॅटला लागून बॉल एकदा मैदानात गेला की पुढे हिट होतो की आऊट, यावर पिचरचं नियंत्रण फार कमी असतं. तिथे फिल्डर असतात, मैदान असतं, नशीब असतं. पिचरचं स्वतःचं काय? किती जणांना बॅट न लावता आऊट केलं, किती जणांना फुकट बेसवर पाठवलं, किती होमरन खाल्ले. या तीन गोष्टी वर्षानुवर्षं त्या माणसासोबत राहतात. बाकीचं येतं-जातं. लोकांनी आधी वेड्यात काढलं, मग हळूहळू सगळ्या टीम तसंच मोजायला लागल्या. नंतर त्यात दुरुस्त्या झाल्या, पण मूळ मुद्दा टिकला.

क्रिकेटला हे जसंच्या तसं लावता येत नाही, कारण आपल्याकडे फटका कुठे मारू द्यायचा हेसुद्धा बॉलरचं कसब आहे. पण प्रश्न तोच: या आकड्यातलं बॉलरचं किती?

२९ जून २०२४ घ्या. बार्बाडोस, टी-ट्वेन्टी वर्ल्ड कप फायनल. शेवटच्या ओव्हरला दक्षिण आफ्रिकेला १६ हवे. हार्दिकचा पहिला बॉल, समोर मिलर. तो बॉल फुलटॉस होता. मिलरने उचलला, आणि सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेल घेतला, आत फेकला, बाहेर गेला, पुन्हा आत येऊन पकडला. स्कोअरबुकात काय आलं? मिलर आऊट, बॉलर पंड्या. सूर्याचा बूट चार इंच इकडे-तिकडे पडला असता तर त्याच बॉलला षटकार लिहिला गेला असता. मग ५ बॉलमध्ये १०. आणि आज आपण हार्दिकबद्दल काय बोलत असतो, देव जाणे. एकच बॉल, एकच फुलटॉस. हार्दिकचं महत्त्व कमी करत नाहीये, त्या अवस्थेत हात न थरथरणं हीच मोठी गोष्ट आहे. पण तो झेल सूर्याचा होता.

त्याच मॅचमध्ये कसब बघायचं असेल तर बुमराह बघा. ३० बॉलमध्ये ३० हवे होते तिथून त्याने सोळाव्या ओव्हरमध्ये ४ दिले, अठराव्यात २ दिले आणि यान्सनचा दांडा उडवला. हे नशीब नाही कशावरून? एका मॅचवरून मी तसं म्हणालोही नसतो. पण त्या अख्ख्या स्पर्धेत त्याने ओव्हरमागे ४.१७ रन दिले आणि १५ विकेट घेतल्या. त्याआधीच्या आयपीएलमध्ये, जिथे सगळ्यांची धुलाई चालू होती, तिथे ६.४८. वेगळी मैदानं, वेगळे बॅट्समन, आणि आकडा दरवेळी चिठ्ठ्यांच्या पट्ट्याच्या बाहेर. डबा बदलल्याशिवाय असं होत नाही.

आता मघाशी ठेवलेला मुद्दा. दुसऱ्यांदा बॉल कुणाला मिळतो?

आपल्याकडे भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे गुरुवारी मोशी, चिखलीकडची मैदानं टेनिस बॉलच्या मॅचनी भरलेली असतात. आठ-आठ ओव्हरच्या मॅच. सीझनला एका टीमच्या फार तर दहा. म्हणजे शेवटची ओव्हर टाकणाऱ्याच्या वाट्याला वर्षाला दहा ओव्हर. एखाद्याच्या एकाच ओव्हरला २२ गेले की संपलं. पुढच्या वेळी तो डीप मिडविकेटला पाणी पीत उभा. ‘त्याचं शेवटी होत नाही’ हे वाक्य एकदा चिकटलं की फेविकॉल.

आणि हेच मी कामाच्या ठिकाणी बघतो. मी कारखान्यांसाठी क्वालिटीचे डॅशबोर्ड बनवतो. चाकणमधली एक कंपनी, नाव घेत नाही. एका लाईनवर बारा ऑपरेटर, बहुतेक कॉन्ट्रॅक्टवरचे, लातूर-बीडकडची पोरं. दर सोमवारी फळ्यावर गेल्या आठवड्याचं रिजेक्शन लिहायचे, प्रत्येकाच्या नावापुढे, आणि खालच्या तिघांना लाल गोल. मला सांगितलं, हे फळ्यावरचं स्क्रीनवर आण. मी मागच्या बारा आठवड्यांचे आकडे मागून घेतले. प्रत्येकाचे आठवड्याला साधारण ४०० पार्ट, लाईनचं रिजेक्शन दोन टक्के. म्हणजे माणशी ८ पार्ट. सगळेच्या सगळे अगदी सारखे कुशल असते, तरी एखाद्या आठवड्यात एकाचे ४ आणि दुसऱ्याचे १३ येणारच. चिठ्ठ्यांचाच हिशोब. आणि प्रत्यक्ष यादी बघितली तर लाल गोल गावजेवणासारखा फिरत होता, बारापैकी दहा जणांना कधी ना कधी लागलेला. एका आठवड्यात पहिला आलेला पोरगा पुढच्या आठवड्यात लाल. क्वालिटीचे साहेब म्हणाले, “बघ, कौतुक केलं की डोक्यावर बसतात, झापलं की सुधारतात.” कौतुक नसतं केलं तरी तो खालीच आला असता, आणि झापलं नसतं तरी दुसरा वरच गेला असता, हे त्यांना पटवायला मला दोन मीटिंग लागल्या.

गंमत म्हणजे हे ज्ञान चाकणला नवीन नाहीच. कंट्रोल चार्ट १९२४ चा आहे, वॉल्टर शूहार्टचा. प्रत्येक कारखान्याच्या भिंतीवर लावलेला असतो, पण मशीनसाठी. डेमिंग नावाचे गुरुजी तर एक खेळच करून दाखवायचे: डब्यात पांढरे आणि लाल मणी, लाल वीस टक्के, पन्नास भोकांचं फावडं. ‘कामगारां’नी मणी काढायचे, लाल मणी म्हणजे डिफेक्ट. सरासरी १० लाल येतात, कुणाचे ५, कुणाचे १५. डेमिंग फोरमन होऊन ५ वाल्याला शाबासकी द्यायचे, १५ वाल्याला झापायचे आणि सभागृह हसायचं. मशीनचा आकडा हलला तर आपण लिमिट बघतो, माणसाचा हलला तर चारित्र्य बघतो.

शेवटी स्क्रीनवर लाल गोल आला नाही. त्याऐवजी सोळाची रेघ आली. १६ च्या वर गेला तर थांबून विचारायचं, आधी फिक्स्चरला, मग माणसाला. साहेबांनी ते मान्य केलं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण त्याआधी फळ्यावर लागोपाठ दोन आठवडे लाल आलेल्या एका पोराचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नव्हतं. त्याचे आकडे माझ्या फाईलमध्ये आहेत. बारा आठवड्यांची सरासरी ८.३. लाईनची ८.

उनाडकटला तीन लिलाव मिळाले. त्या पोराला दोन सोमवार.

बरं, मग करायचं काय? आकडे फेकून द्यायचे? अजिबात नाही. मी आमच्या टीमच्या वहीसाठी एक जुगाड वापरतो. कुठल्याही बॉलरच्या खऱ्या ओव्हरींमध्ये २० सरासरी ओव्हरी मिसळायच्या. समजा आपल्या लीगमध्ये शेवटच्या ओव्हरला सरासरी ११ जातात. एकाने ४ ओव्हर टाकल्या, ६४ दिले, ओव्हरमागे १६. दुसऱ्याने ४ मध्ये २८ दिले, ओव्हरमागे ७. बघायला जमीन-अस्मानाचं अंतर. आता दोघांत २० ओव्हरींचे २२० मिसळा. पहिला: २८४ भागिले २४, म्हणजे ११.८. दुसरा: २४८ भागिले २४, म्हणजे १०.३. नऊ रनांचं अंतर दीडवर आलं. दुसरा बरा असेल, असू शकतो, पण त्यासाठी पहिल्याला पाणी पाजायला पाठवण्याइतका पुरावा नाही. आणि तिसरा एक असेल ज्याने ४० ओव्हर टाकून ओव्हरमागे ९ दिलेत, तर मिसळूनही तो ९.७ वर राहतो. शेवटची ओव्हर त्याची. चार ओव्हरवाल्या हिरोच्या आधी त्याला द्या. वीसच का, असं विचाराल. तो आकडा वेदांत लिहिलेला नाही, माझा अंदाज आहे. पंधरा घ्या, तीस घ्या. शून्य घेऊ नका, आपण सगळे सध्या शून्यच घेतो.

दुसरं, वहीत रनांच्या शेजारी एक रकाना वाढवलाय. बॉल टाकायच्या आधी बॉलरने कॅप्टनला सांगायचं, काय टाकतोय: यॉर्कर, स्लोअर, बाहेरचा. आणि तो पडला का, एवढंच लिहायचं. हो किंवा नाही. यॉर्कर बरोबर पडला आणि बॅटची कड लागून फोर गेला, तर रकान्यात ‘हो’. फुलटॉस पडला आणि लाँगऑनला कॅच गेला, तर ‘नाही’, विकेट मिळाली तरी ‘नाही’. पहिल्या गुरुवारी यावर भांडणं झाली. विकेट घेणारा माणूस ‘नाही’ ऐकायला तयार नसतो. पण सहा-सात मॅचनंतर तो रकाना रनांच्या रकान्यापेक्षा कमी हेलकावे खाताना दिसायला लागला. ज्याचे सहातले चार पडतात त्याचे पुढच्या आठवड्यातही तीन-चार पडतात. २२ रन खाल्लेल्या आमच्या एका माणसाचे त्या ओव्हरमध्ये सहातले पाच पडले होते. तो परवा पुन्हा शेवटची ओव्हर टाकतोय.

तुमच्या टीमची, सोसायटीची, कंपनीची अशी वही असेल तर शेवटच्या ओव्हरींच्या पानांचे फोटो पाठवा. बॉलरांची नावं झाकून. दोनशे ओव्हरी जमल्या की त्या चिठ्ठ्यांच्या शेजारी मांडून पुढच्या भागात बघू.